विसळलेला निरोप

आमच्या शेजारचे केमिस्ट्रीचे सर मालवणच्या बाजारात कोळंबी घेत नसत, तिची सालं मागत. मासेवाल्या बायका हसत. त्या सालांचं एक द्रावण आणि समुद्रशेवाळाचं दुसरं. विद्युतभाराने एक धन, एक ऋण. काचेची पट्टी आळीपाळीने दोन्हींत बुडवली की थरावर थर चिकटे. मात्र दर वेळी मधे पाण्यात विसळायची. "सैल आसा तां धुवन गेलां पायजे," सर म्हणत, "उरात तोच थर."

माडाच्या हद्दीवरून माझं धाकट्या भावाशी बोलणं तुटलं, तेव्हा निरोप सरच नेत. मी तोंडाला येईल ते बोले. सर मान हलवत, तांब्याभर पाणी पीत आणि कुंपणापलीकडे जात. परतले की पुन्हा पाणी.

"काय म्हणालो तो?"

"तुझी तब्येत इचारल्यान. माफी पण मागल्यान."

गणपतीत भाऊ आपणहून आरतीला आला. हळूच म्हणाला, "तू माफी मागलंस, म्हणान इलंय."

"मी? मागलंस तू!"

दोघांनी वळून सरांकडे पाहिलं. ते तांब्याला तोंड लावून बसले होते, आणि पाणी काही केल्या संपत नव्हतं.