ठाण्यात सांगितलेलं वडिलांचं नाव

त्या काळी सरकारी नोकरी लागायच्या आधी पोलीस चौकशी व्हायची. शिपाई वस्तीत यायचा, पानठेल्याला सायकल टेकवायचा आणि विचारायचा, "पोरगा कसा आहे?"

माझी चौकशी करून तो गेला आणि माझी झोप उडाली. कॉलेजात असताना वेगळ्या विदर्भाच्या मोर्चात, सीताबर्डीवर, माझ्या दगडानं एका दुकानाची काच फुटली होती. पोलिसांनी नावं लिहून घेतली आणि संध्याकाळी सोडलं. तिथे माल घ्यायला आलेल्या आमच्या वस्तीतल्या पानवाल्यानं मला पोलिसांच्या गाडीत पाहिलं होतं. आता तो नुसता हसला तरी वाटायचं, यानंच सांगितलं असेल.

पण निरोप आला, माझ्यावर काहीच नाही. हे मला जास्तच खटकलं. काहीतरी राखून तर ठेवलं नसेल? न राहवून ठाण्यात गेलो. जमादारानं रजिस्टर उघडलं.

"मोर्च्यातला तो तू नाही रे. नाव-आडनाव तेच, पण बापाचं नाव पाह्य ना. अन् पानवाल्यानं त तुम्हा दोघांचीही तारीफच केली."

मी पाहिलं. माझ्याच नाव-आडनावाचा एक मित्र वस्तीत होता. लोक आम्हाला वडिलांच्या नावावरून ओळखायचे. मोर्चाच्या दिवशी ठाण्यात मी घाबरून त्याच्या वडिलांचं नाव सांगितलं होतं. ते वारलेले होते, म्हणजे घरी बोलावणं जाणार कुणाला? एवढाच विचार केला होता. ते कागदावर राहील, हे डोक्यातच आलं नाही; पुढे मी ते विसरूनही गेलो होतो.

मित्रानंही त्याच कचेरीत अर्ज केला होता. त्याला नकार आला. तो माझ्याकडेच आला.

"काहून गा, माह्यावर कोणती केस आहे? मी त मोर्च्यात गेलोच नव्हतो. कोणं लावली असंन आग? तुले काय वाटते?"

सोमवारी मला कामावर रुजू व्हायचं होतं. मी पानठेल्याकडे पाहिलं. म्हणालो, "शिपाई त्याच्याजवळच बसला होता."

तेवढं पुरलं. मित्रानं पुढे सायकलचं दुकान टाकलं, पण त्या ठेल्याची पायरी कधी चढला नाही. पानवाला लांबून ओरडायचा, "काय गा, चुना जास्त झाला होता का माह्या पानात?" हा मान वळवायचा. काय बिघडलं, ते त्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही.

निवृत्तीनंतर मी मित्राला सगळं सांगितलं.

"नोकरीचं जाऊ दे," तो म्हणाला. "तो पानवाला मेला तवा मी खांदा द्यायले गेलो नाही गा. दुकानातच बसून राहिलो."

पानवाल्याची मुलं अजून त्याच वस्तीत राहतात. त्यांच्यासाठी लिहितो आहे. तुमचे वडील शिपायाजवळ कुणाविषयी वाईट बोलले नव्हते. आणि मित्राच्या मनात संशय भरवला तेव्हा मला ते माहीत होतं.