पितळेला फसलेला कॅमेरा

नाना फोटो काढायला उभे राहिले की आधी कॅमेऱ्याचा अपमान करायचे. "चेहरा शोधतो म्हणे हा. मग मी काय छत्री धरायला आलोय?" असं म्हणून ते फेस डिटेक्शन बंद करायचे आणि भिंगाचं कडं हाताने फिरवत बसायचे. आम्ही समोर दात काढून उभे. हसू आटून जायचं, गुडघे बोलायला लागायचे, पण नानांचं कडं काही थांबायचं नाही.

गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत नाना आणि माई आमच्या समोरच्या दारात राहायचे. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि स्वतःला फोटोग्राफर म्हणवून घेणारे. म्हणवून घेणारे म्हणते, कारण फोटो मी पाहिलेत. एकदा सोसायटीची सहल पिंपळगावला द्राक्षाच्या बागेत गेली होती. त्या फोटोंत आम्ही सगळ्या बायका वाफेतून दिसाव्या तशा, आणि मागचे घड असे लख्ख की एकेक मणी तोडून खावा. मी तोंडावर विचारलं, नाना, यात माणसं कुठायत? माझी कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "विमलताई, तुम्हाला कॅलेंडरवरचे फोटो आवडतात. त्याला मी काय करणार?"

आता हे फेस डिटेक्शन म्हणजे काही मोठी विद्या नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर माणसाच्या चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन येतो. माणूस हलला तरी चौकोन त्याच्या मागे जातो आणि चेहरा स्पष्ट राहतो, बस. मी सातवी शिकलेली बाई, बटणं दाबून दाबून मला आलं. नानांची मुलगी अनघा पुण्याला असते, तिने हौसेने हा कॅमेरा बापाला दिला तो याच सोयीसाठी. बापाने ती सोय पहिल्याच गौरींना निकालात काढली. माई गौरींपुढे बसल्या होत्या, आणि चौकोन माईंना सोडून मागच्या ज्येष्ठेच्या पितळी मुखवट्यावर जाऊन बसला. नानांना केवढा आनंद! वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होते, "मूर्ख आहे तो. पितळ कोणतं आणि बायको कोणती, कळत नाही त्याला."

माई निरांजनं घासता घासता म्हणाल्या, "तुम्हाला तरी कुठं कळली इतकी वर्षं?"

पुढे माईंचं दुखणं निघालं. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी अनघाला बाजूला घेऊन सांगितलं. ती पोर घरातले सगळे फोटो काढून बसली आणि रडतच माझ्याकडे आली. अलीकडच्या एकाही फोटोत आईचं तोंड धड नव्हतं. खिडकीचे गज स्पष्ट, दोरीवरचे टॉवेल स्पष्ट, तुळशीचं पान न् पान स्पष्ट. माईंचं सहस्रचंद्रदर्शन जवळ आलं होतं, त्या दिवशी तरी बाहेरचा फोटोग्राफर बोलवावा म्हणून ती नानांच्या हातापाया पडली. नाना म्हणाले, माझ्या बायकोचा फोटो मी भाड्याच्या माणसाकडून काढून घेणार नाही. मी मनातल्या मनात त्यांना जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी माईंना पाटावर बसवेना, म्हणून खुर्चीत बसवलं. अंगावर हिरवी पैठणी, तीही अंगापेक्षा मोठी झालेली. ताटभर दिवे लावून आम्ही ओवाळायला घेतलं. नानांनी कॅमेरा उचलला, कडं फिरवलं, खाली घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. एकेक दिवा मंदावत चालला. अनघा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आता या माणसाच्या हातातून कॅमेरा हिसकावून घ्यायचा, असं ठरवून मी पुढे झाले, तर नानाच माझ्या कानाशी आले.

"ते चेहरा शोधायचं जरा चालू करून द्या."

मी कॅमेरा हातात घेतला.

"मला ती दिसत नाही हो, विमलताई. समोर बघितलं की नेमकं मधलं जातं, कडेकडेचं दिसतं. बरेच दिवस झाले."

मी ते चालू करून कॅमेरा नानांच्या हातात दिला. चौकोन माईंच्या चेहऱ्यावर बसला. त्या ताटाकडे वळल्या, तोही वळला. त्या फोटोत माईंच्या भुवईचा केस न् केस दिसतो, आणि त्या नवऱ्याकडे बघून चिडवल्यासारख्या हसतायत. अनघाने तो कॅमेरा छातीशी धरला. नाना लगेच म्हणाले, "उजेड बरा होता म्हणून आला." उपकार मानायची सवयच नव्हती त्या माणसाला.

माई दिवाळीआधी गेल्या. तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावला, हार घातला. पुढे अनघा नानांना कायमचं पुण्याला न्यायला आली. सामान खाली गेलं होतं. मी चहा घेऊन गेले, तर नाना माईंच्या फोटोपुढे कॅमेरा धरून उभे. फोटोचा फोटो कशाला काढतायत, म्हणून मी मागून डोकावले. पडद्यावर माईंच्या चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन होता. नाना कॅमेरा जरा डावीकडे न्यायचे, जरा उजवीकडे न्यायचे. चौकोन माईंना सोडत नव्हता.

"मूर्ख आहे," नाना म्हणाले. "तेव्हा पितळेला फसला, आता कागदाला फसतोय."

मी चहाचा कप खिडकीत टेकवला. तेच पुढे म्हणाले, "चौकोनाच्या कडा दिसतात मला. आत ती आहे, हे याच्या भरवशावर."

खालून अनघाने हाक मारली. आलो, आलो, म्हणाले, आणि कॅमेरा काही खाली घेतला नाही.