टोपलीभर कोवळी पानं

फिलिपिन्समधल्या लुकबानमध्ये किपिंग, म्हणजे सजावटीच्या पानाएवढ्या रंगीत पापड्या, कराव्यात त्या तेक्लानंच, असं सगळं गाव म्हणायचं. बक्षीस मात्र न्यायची समोरच्या घरातली नोरिंग, तिची धाकटी जाऊ. तांदळाचं रंगीत पीठ पानावर पसरायचं, वाफवायचं, अलगद सोलायचं, वजनाखाली वाळवायचं, हे सगळं नोरिंगला शिकवलं तेक्लानंच. शिकवलं आणि पस्तावली.

सुगीच्या सणाला शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याची मिरवणूक दरवर्षी वेगळ्या गल्ल्यांतून जाते. ज्या गल्लीची पाळी, तिथलीच घरं भाताच्या लोंब्यांनी, भाज्यांनी, किपिंगच्या झुंबरांनी सजतात. मागच्या पाळीला नोरिंग पहिली आली आणि बक्षिसाची फीत तिनं आपल्या दारावर ठोकली. तेक्लानं खिडकी उघडली की आधी तीच दिसायची. सहा वर्षं बाईनं सकाळची कॉफी ती फीत बघत घेतली आणि रोज मनातल्या मनात जळली. आता पुन्हा पाळी आली होती, पण तेक्लाला अडुसष्टावं लागलं होतं. पुढच्या पाळीला गुडघे शिडी चढू देणार नव्हते. जे काही व्हायचं ते याच वर्षी.

एप्रिलात नोरिंग टोपली घेऊन आली.

"ताई, थोडी पानं द्या ना. तुमच्या झाडासारखी पानं गावात नाहीत."

"ने की बाई. झाड काय मी मरताना सोबत नेणार आहे?"

किपिंगला जून पान लागतं. कोवळं पान वाफेत लोळागोळा होतं आणि सोलताना पापडी फाटते. तेक्लानं शेंड्याची कोवळी पानं खुडली, वर चार जून पानं पसरली आणि हसत टोपली दिली. जराही लाज वाटली नाही मेलीला.

पंधरा मेला तेक्लाच्या घरावर लाल, हिरवी, पिवळी झुंबरं वाऱ्यावर हलत होती. नोरिंगच्या खिडकीत नुसत्या लोंब्या आणि दोन भोपळे. ते बघून तेक्लाला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. परीक्षक आले, मान डोलावून गेले, आणि दुपारी तेक्लाचं नाव पहिलं पुकारलं गेलं. सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या नोरिंगनं. शिडीवर चढून तेक्लाच्या दारावर फीत ठोकलीही तिनंच.

"तुझं किपिंग कुठं गं?" तेक्लानं तोंडदेखलं विचारलं.

"केलंच नाही."

"का?"

नोरिंग शिडीवरून उतरली, हात झटकले. "तीस वर्षं तुमच्याकडून शिकतेय, ताई. कोवळं पान मला ओळखता येत नाही होय?"

तेक्लानं वर फितीकडे बघितलं.

"आधी राग आला. बाजारातून दुसरी पानं आणायला निघाले होते," नोरिंग म्हणाली. "मग म्हटलं, एवढं हवंय तर घेऊ दे एकदा." आणि शिडी उचलून ती आपल्या घरी गेली. तिच्या अंगणात माणसं जमली होती, केळीच्या पानावरचे शेवयांसारखे नूडल्स थेट तोंडानं ओढत हसत होती. तेक्लाच्या दाराशी फीत होती आणि तेक्ला होती.

दुसऱ्या दिवशी कॉफी घेऊन तिनं खिडकी उघडली. नोरिंगनं आपली जुनी फीत काढून टाकली होती. दारावर नुसता खिळा उरला होता. आधी ती फीत खुपायची. आता रोज सकाळी तो खिळा खुपतो, आणि तेक्लाला तो काढायलाही सांगता येत नाही.