नानासोंची दाढी आणि हवेचं मशीन

आटपाडीकडच्या नानासोंची दाढी छातीवर रुळायची आणि ते तिला जिवापाड जपायचे. पण झोपेत त्यांचा श्वास अडकायचा आणि दिवसा मेंढरांमागं चालताचालता डोळा लागायचा. एकदा तर सगळा कळप लोकांच्या मक्यात घुसला. सांगलीच्या डॉक्टरांनी झोपताना लावायला हवेचं मशीन दिलं; पण तोंडावरचा मास्क दाढीवर नीट बसेना, कडेनं हवा फुसफुसत सुटायची.

"दाढी काडा आता," बायको सुलाबाई म्हणाली. "तुमचा श्वास थांबला की माजा जीव जातोय."

नानासो न्हाव्यापुढं जाऊन बसले. गालाला साबण लागला, वस्तरा उघडला, तोच सून सोनम पळत आली.

"आवं मामा, थांबा! डॉक्टरांचा फोन आला. नुसत्या नाकपुड्यांत बसणारा मास्क मिळतोय. नाकाखालची मिशी जरा कातरली की झालं, दाढीला हात लावायला नको!"

नानासो गालावरच्या फेसासकट उठले, ते थेट सांगलीच्या एसटीतच जाऊन बसले.

नव्या मास्कची पहिली रात्र सरली. नानासो उठले तर डोकं हलकं, अंगात तरतरी!

"सुले, आगं, झोपलो की म्या! लय झोपलो!"

सुलाबाई हलली नाही. वर्षानुवर्षं नवऱ्याच्या श्वासाकडं कान लावून जागणारी ती बाई, उन्हं अंगावर आली तरी गाढ झोपली होती. नानासोंनी पुढचे शब्द गिळले आणि हसू दाबत, पाय न वाजवता, ते चुलीपाशी गेले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी चहा टाकला. साखर तेवढी सापडेना.