सहा बादल्या गोडं पाणी

समजा, तुम्ही कंबरेएवढ्या उंच सिमेंटच्या टाकीपाशी उभे आहात. आत चाळीस-पन्नास खेकडे आहेत. ते समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून आलेत आणि आठवड्याभराने वरच्या अंगाला, नदीकाठच्या तळ्यांत जाणार आहेत. तिथलं पाणी जेमतेम खारट. तुम्ही रोज टाकीतलं थोडं पाणी काढायचं, तेवढंच विहिरीचं गोडं पाणी घालायचं आणि त्यांचा समुद्र हळूहळू पातळ करत न्यायचा. हातात उपकरण काही नाही. करंगळी बुडवा, जिभेला लावा आणि सांगा, आज किती बादल्या?

वहिनींनी हे काम एकोणीस वर्षं केलं.

शेड नवऱ्याची, पण खेकडे घ्यायला येणारे व्यापारी वहिनींनाच विचारत. खारटपणा मोजायची एक काचेची नळी शेडमध्ये पूर्वी होती. ती पडून तडकली, तेव्हा नवरा म्हणाला, "घरात जीभ असताना नळी कशाला हवी?" व्यापाऱ्यांनाही ते पटलं. त्यांच्यातला एक जाडा, पान खाणारा, दर खेपेला तोच विनोद करायचा. "वहिनी, ही जीभ जपा हो. दादांशी भांडण्यात झिजवू नका."

"त्यांच्यासाठी वेगळी ठेवलीये," वहिनी म्हणायच्या, आणि शेड हसायची.

पाणी घालायचं काम नणंदेचं. ती नवऱ्याहून चार वर्षांनी धाकटी, बिनलग्नाची, हाताने भक्कम. वहिनी आकडा सांगणार आणि नणंद तेवढ्या बादल्या ओतणार, अशी त्यांची रीत. एक बादली ओतून झाली की ती काठावर मगाने एक टोला मारायची. मोजदाद चुकू नये म्हणून. सकाळी शेडपाशी येणाऱ्याला टोले ऐकूनच कळायचं, आज कुठली टाकी किती पातळ झाली.

खेकडा तसा मोठा चिवट प्राणी. बाहेरचं पाणी पातळ झालं की ते त्याच्या अंगात घुसायला बघतं आणि अंगातलं मीठ बाहेर पळायला बघतं. मग त्याचे मागचे कल्ले कामाला लागतात. त्या पातळ पाण्यातूनही ते मिठाचे कण ओढून रक्तात भरतात, आणि आत शिरलेलं जादा पाणी तो लघवीवाटे बाहेर टाकतो. पण कल्ल्यांना हे जमायला काही दिवस लागतात आणि त्यात ताकद फार जाते. घाई केली तर धडधाकट खेकडासुद्धा मान नसताना मान टाकतो. नुकतंच कवच टाकलेला मऊ खेकडा तर आधीच पाणी पिऊन फुगलेला असतो. त्याच्याजवळ झुंजायला काही शिल्लक नसतं.

म्हणून मऊ खेकड्यांची चार नंबरची टाकी वेगळी होती, आणि तिथे वहिनी दोनदा चाखायच्या.

त्या वर्षी वहिनींना ताप आला. बारा दिवस अंथरुणात गेले. तेराव्या दिवशी उठून त्यांनी पेज तोंडात घातली, तर कागद चघळल्यासारखं वाटलं. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. खडे टोचले, एवढंच. होईल बरं, असं म्हणून त्या शेडवर गेल्या, करंगळी बुडवली, जिभेला लावली. काहीच नाही. नणंद बादली धरून उभी होती.

"किती, वहिनी?"

"पाच," वहिनी म्हणाल्या. काल नणंदेने अंदाजाने चार घातल्या होत्या, म्हणून पाच.

खेकडे जगले. दुसऱ्या दिवशीही जगले. वहिनींनी मग मनात एक पाढाच बसवला: पहिल्या दिवशी चार, नंतर पाच, मग सहा. वर्षानुवर्षांची सवय होती, आकडे बरोबर येत गेले. घरात मीठ चमच्याने मोजून घालायला लागल्या. नवऱ्याला सांगायचं रोज ठरवायच्या आणि रोज तोंड शिवल्यासारखं व्हायचं. सांगितलं तर उरतं काय? शेडमध्ये चार बायका खेकडे बांधायला येत. त्यांची बोटं चालत होती, नणंदेचे हात चालत होते. वहिनींकडे जिभेवाचून काही नव्हतं.

दीड महिना असा गेला. मग नदीला वरून लोंढा आला. इथे आभाळ कोरडं होतं, पण दूर डोंगरात पाऊस झाला होता. खाडीतलं पाणी गढूळ झालं, आणि समुद्राच्या नळातून टाक्यांत आलं ते आधीच निम्मं गोडं. कुठल्याही चाखणाऱ्याला पहिल्या थेंबात कळलं असतं. वहिनींच्या पाढ्यात त्या दिवशी चार नंबरच्या टाकीला सहा होत्या.

चार बादल्या झाल्या. चार टोले पडले. नणंद थांबली.

"वहिनी, पाणी गढूळ दिसतंय. एकदा चाखता का?"

वहिनींनी करंगळी बुडवली, जिभेला लावली, नेहमीसारखे डोळे बारीक केले. "चांगलं खारट आहे. घाला."

"नक्की?"

"वन्सं, मला शिकवता का आता?"

नणंद त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पाचवी ओतली. सहावी ओतली.

दुपारपर्यंत चार नंबरच्या टाकीत एकही मऊ खेकडा जिवंत उरला नाही. ओल्या कणकेसारखे सुजून ते तळाशी पडले होते, पाय पसरून. त्रेपन्न. नवरा काठाशी आला.

"किती बादल्या घातल्या?"

"सहा," नणंद म्हणाली.

"मी चारच सांगितल्या होत्या," वहिनी म्हणाल्या.

असं काही बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. शब्द बाहेर पडला आणि शेडमध्ये खरा होऊन बसला. सहा टोले सगळ्यांनी ऐकले होते. आकडा सांगितलेला कोणीच ऐकला नव्हता. नणंदेने बादली उचलून भिंतीशी उपडी ठेवली. नवरा एवढंच म्हणाला, "तुला मोजताही येईना झालं का गं?" चौथ्या दिवशी ती पिशवी घेऊन पलीकडच्या काठाला, मावसभावाच्या शेडवर कामाला गेली. जाताना वहिनींना वाकून नमस्कार केला. तो नमस्कार वहिनींच्या पाठीवर अजून ओझ्यासारखा आहे.

वहिनींनी मग स्वतःच हट्ट धरून नवी नळी आणवली. "वय झालं, जीभ थकली," म्हणाल्या. कोणी काही विचारलं नाही. मऊ खेकड्यांची जागा बदलली, चार नंबरची टाकी कोरडी पडली. पण भर दुपारी बायका जेवायला गेल्या की त्या टाकीकडून टोले ऐकू यायचे. एक, दोन, तीन, चार. वहिनी हातातलं काम थांबवून उभ्या राहायच्या. पाचवा कधी पडायचा, कधी नाही. एकदा त्यांनी टाकीत हात घालून तळ चाचपला. तळ ओला होता. छप्पर गळत नव्हतं, नळ तोडलेला होता. त्यांनी ते बोट जिभेला लावलं, आणि मग स्वतःचीच इतकी भीती वाटली, की पदराने जीभ पुसून काढली.

नऊ वर्षांनी नणंद आली. भावाने पडून मांडी मोडून घेतली होती, त्याला बघायला. तो औषधाने झोपला होता. दोघी शेडमध्ये पाटावर बसल्या. नणंद वाळली होती, खोकत होती. वहिनींनी ठरवलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"वन्सं, त्या दिवशी मी सहाच सांगितल्या होत्या."

"हो."

"माझी जीभ गेली होती. तापात. मला काही कळत नव्हतं. मी तुमच्यावर ढकललं."

नणंद टाक्यांकडे बघत म्हणाली, "जीभ गेल्याचं मला माहीत होतं."

"कसं?"

"आधीच्या आठवड्यात मी तुमच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं. दोन चमचे. बघावं म्हणून. तुम्ही सगळा प्यायलात आणि म्हणालात, वन्सं, आज चहा छान झालाय."

वहिनींना हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच थिजलं. कारण नऊ वर्षांमागची ती सगळी सकाळ त्यांच्यासमोर फिरून उभी राहिली. करंगळी, बारीक केलेले डोळे, आणि समोर बादली घेऊन बघणारी ही बाई, जिला ठाऊक होतं की ते बोट काही सांगत नाही.

बाहेर होडीचा भोंगा झाला. शेवटची फेरी. नणंद उठली, घरात झोपलेल्या भावाच्या पायाला हात लावून निघाली. वहिनी धक्क्यापर्यंत मागे गेल्या, पण लोक होते, घाई होती, आणि विचारायचं ते ओठावर येईना. पुढच्या महिन्यात जाऊ, शांतपणे विचारू, असं त्यांनी ठरवलं. तीन आठवड्यांत पलीकडून निरोप आला, की ती गेली.

वहिनी आता बासष्ट वर्षांच्या आहेत. रोज शेडवर येतात, नळीच्या काचेवर थेंब टाकतात, उजेडाकडे धरतात, आकडा लिहितात. दुपारी शेड रिकामी झाली की चार नंबरच्या टाकीपाशी जाऊन बसतात आणि हलक्या आवाजात बोलतात. बायकांना वाटतं, म्हातारी पुटपुटते. त्या विचारत असतात:

"वन्सं, तुम्हाला माहीत होतं ना मला काही कळत नाही ते? मग पाचवी बादली का ओतलीत?"