गावासकट निघालेले आतोबा

आमच्या आतोबांइतका, म्हणजे आत्याच्या यजमानांइतका, लांबचा प्रवास आमच्या घराण्यात कुणी केला नसेल, आणि तोही गाव न सोडता. त्यांना एसटी लागायची. लागायची म्हणजे फाट्यावर नुसता डिझेलचा वास आला तरी ते कपाळ धरून खाली बसायचे. तुळजापूरला ते पायी जात. जिथं पायी जाणं होत नसे तिथल्या लग्नांना आत्या एकटीच जायची आणि परत आल्यावर आठवडाभर त्यांच्याशी बोलायची नाही. आतोबा मात्र ढिम्म.

दुष्काळात एकदा भूम गावाकडून मोजणीवाल्यांची जीप आमच्या माळावर आली. लोकांना वाटलं, पाणी शोधायला आलेत. पण त्यांनी खडकात पितळेची एक खूण बसवली आणि तिच्यावर यंत्र मांडलं. आतोबा दूध सोसायटीत दोन्ही वेळचं दूध मोजून घ्यायचे आणि मधला सगळा वेळ प्रश्न विचारायला मोकळे असायचे. ते जाऊन साहेबांपुढे बसले. साहेबांनी समजावलं, की उपग्रह जवळ येताना त्याच्या संदेशाचा सूर चढतो, लांब जाताना उतरतो. त्यावरून ही खूण पृथ्वीवर नेमकी कुठं आहे ते काढायचं.

“आन् वरचाच वाट चुकला तर?”

साहेब खूश झाले. म्हणाले, “त्याची वाट नेमकी ठाऊक असणं, हाच तर सगळा खटाटोप!” मग सहज सांगून गेले, की आपली अख्खी जमीनही ईशान्येकडं सरकतेय, वर्षाला नख वाढतं साधारण तेवढी. आजच्या यंत्राला ते कळत नाही. पुढं नाजूक यंत्र आलं की याच खुणेवर परत मोजू.

“म्हंजी आमीबी चाललोय व्हय?” आतोबांनी विचारलं.

त्या दिवसापासून त्यांनी डाव्या करंगळीचं नख कापणं सोडलं. गाव किती पुढं गेलं ते कळायला नको? दुधाचा कॅन उचलताना एकदा ते मोडलं, तर जेवले नाहीत. सोलापूरहून आलेल्या माणसाला ऐकवायचे, “तुमी जाऊन परत आलात. आमी अजून वाटंतच हाव.”

पुढं माळावर खडी फोडायचं सरकारी काम निघालं. खूण जाईल या धास्तीनं आतोबा पहार घेऊन निघाले. खुणेचा दगडच काढून घरात जपून ठेवायचा बेत होता. आत्या दारात आडवी उभी राहिली. “अहो, दगड घरात आणल्यावर सायब माळ मोजंल का माझं माजघर?” आतोबांनी पहार खाली ठेवली. मग काम संपेपर्यंत, सोसायटीची वेळ सोडून, ते त्या दगडावरच बसून राहिले. मुकादमानं वैतागून खाण पलीकडं सरकवली.

जीप परत आली नाही. भूमच्या रस्त्यावर धूळ उठली की आतोबा उठून उभे राहायचे. एवढं एक उत्तर त्यांना मिळायला हवं होतं, याची मला अजून हळहळ वाटते.

शेवटच्या दुखण्यात ते अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो तेव्हा आत्या त्यांची नखं काढत होती. करंगळीशी येऊन ती थांबली.

“कुठवर आलो गं आपण?” आतोबांनी विचारलं.

तिनं ते नख उजेडाकडं धरून नीट पाहिलं.

“लई लांब,” ती म्हणाली. “आन् या बारीला मीबी संगं हाय.”