कोरा हात

सूर्यमाळच्या पाड्यावरची फागी पाणी भरता भरता मध्येच थांबायची, डावा हात डोळ्यांपुढे धरायची आणि पुटपुटायची, "जागी हाय का झोपली?" झऱ्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. "फागे, हात दाखवून अवलक्षण कशाला गं?" असं कुणीतरी म्हणायचंच. हसू द्या मेल्यांना. त्यांची पोर थोडीच गेली होती!

फागीची गेली होती. मानमोडीच्या साथीच्या साली नागली कणसावर आलेली असताना जव्हार संस्थानात घरागणिक माणसं तापानं पडत होती. फागीचा नवरा देवजी कुणा अंमलदाराचं सामान डोक्यावर घेऊन वेठीला गेलेला. घरात फागी आणि तिची सात-आठ वर्षांची काळी, दोघीच. काळीच्या अंगाचा तवा झाला होता. "आये, पानी," एवढंच ती म्हणायची. आणि पाणी तर द्यायचं नव्हतं! तापात पाणी पोटात गेलं की माणूस गेलाच, असं अख्खा पाडा सांगत होता. आता कुणाच्या नावानं बोटं मोडायची? फागीही तेच ऐकत वाढली होती.

शेजारची बुधी मऊ काळजाची. ती चोरून द्रोणभर पाणी पाजेल, या धास्तीनं फागीनं मडकं कुडापलीकडे लपवलं आणि लेकीला बजावलं, "मी देईन तवाच प्यायचं. दुसऱ्या कुनाच्या हातचं घ्यायचं नाय. माझी आन हाय." काळी ऐकणारी पोर. फागीच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं. त्यावरून बोट फिरवल्याशिवाय त्या पोरीला तान्ही असल्यापासून झोप यायची नाही. त्या दिवशीही सुकल्या ओठांनी ती बोट फिरवत राहिली. मग बोट थांबलं.

मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. काळी स्वप्नात यायला लागली. यायची आणि पाणीच मागायची. आणि फागी स्वप्नातही "नाय" म्हणायची! तिथे तिला पोर जिवंत वाटायची, तापात वाटायची, वाचवता येईल असं वाटायचं. जाग आली की ती कपाळ बडवून घ्यायची. मेलेल्या लेकीलासुद्धा घोटभर पाणी देत नाही, कसली आई मी?

शेवटी ती धोंडी म्हातारीकडे गेली. ही पाड्यातली सुईण. झोपेत आपल्याला हवं तिथे हिंडून येते, असं लोक तिच्याबद्दल बोलायचे.

"आजे, झोपेत मला कळलं पायजे, का ही झोप हाय," फागी म्हणाली. "येवढं कळलं तर मी तिला पानी देईन."

म्हातारीनं तिचा हात उलटसुलट करून पाहिला. "झोपेतला हात धड नसतो पोरी, काहीतरी चुकतंच. दिवसभर हात बघत जा. बघायचं आनी इचारायचं. दिवसाची खोड झोपेत पन संगं येते. आनी कळलं की हरखू नको, नायतर जागी होशील."

फागीनं दिवसभर तोच ध्यास घेतला. नागली दळताना, लाकडं फोडताना, चुलीपुढे, हात बघायची. हिवाळा गेला, काही होईना. एकदा स्वप्नात हात दिसला आणि त्यावर गोंदणच नव्हतं! पण ती अशी हरखली की ओरडतच उठली. देवजी चिडला, "येड लागलं काय तुला?" मग जरा वेळानं त्यानंच हळूच विचारलं, "आली व्हती का काळी?"

वैशाखातल्या एका दुपारी, लांबून पाणी आणून दमलेली फागी कुडाला टेकली आणि तिचा डोळा लागला.

"आये, पानी."

फागीच्या तोंडात "नाय" आलंच होतं. तेवढ्यात सवयीनं नजर हाताकडे गेली. हात कोरा. मनगटापासून कोपरापर्यंत एक ठिपका नाही. ही झोप! ती हरखली नाही. सावकाश उठली, कुडापलीकडून मडकं आणलं, द्रोण काठोकाठ भरला आणि लेकीच्या ओठांशी नेला.

"पी गं माझे बाय."

काळीनं द्रोणाकडे पाहिलं, मग हाताकडे. मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, जणू काही शोधत होती.

"तू कोन?"

"मी आय तुझी!"

"नाय. आयच्या हातावर गोंदन हाय." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "आयनं सांगितलंय, दुसऱ्या कुनाच्या हातचं घ्यायचं नाय. आय देनार हाय मला." आणि पोरीनं कुडाकडे तोंड फिरवलं.

फागी जागी झाली तेव्हा हातावर गोंदण होतं, सगळंच्या सगळं. ती तशीच धावत धोंडीकडे गेली. "आजे, ही खोड मोड. मला काय पन कळाया नको."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "लावता येते गं. मोडायला मला नाय येत."

तेव्हापासून फागी दिवसभर हाताला चिंधी गुंडाळून ठेवायची, नजर पडायलाच नको म्हणून. झोपेत चिंधी नसायची. नजर जायचीच, आणि हात कोराच असायचा. फागी म्हातारी झाली तरी काळी तेवढीच, कुडाकडे तोंड करून आईची वाट बघायची, आणि फागी भरला द्रोण घेऊन तिच्या पाठीशी उभी असायची.